शौचालय आहे, पण जाता येतं का?

हा आपल्या या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकू येत नाही किंवा कमी येतं, अशीही माणसं आपल्यासोबत आहेत, म्हणून प्रत्येक भाग आपण लिहूनही ठेवतो. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय जेवता जेवता ऐकण्यासारखा नाही. म्हणजे आधी जेवून घ्या, मग या. विषय आहे सार्वजनिक ठिकाणची दिव्यांगांसाठीची शौचालयं. आता तुम्ही म्हणाल, यावर अख्खा भाग कशाला? म्हणून आधी एक प्रसंग सांगतो.

माझी मावशी लाखनी तालुक्यातल्या एका गावात राहते. सहा वर्षांपूर्वी तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली ती पूर्ण परत आलीच नाही. घरात धरून धरून दोन पावलं टाकते, पण बाहेर पडायचं तर व्हीलचेअर लागते. मागच्या मे महिन्यात एका कागदावर सही करायला तिला स्वतः एका सरकारी कार्यालयात हजर राहायचं होतं. सकाळीच ऑटो करून आमच्या घरी आली. आईनं चहा पुढे केला, तर म्हणाली, "नको." पाणी तरी घे म्हटलं, तर तेही "नको ना माय." मला वाटलं, प्रवासानं मळमळत असेल.

कार्यालयात नंबर लागेपर्यंत दीड वाजला. बाहेर ऊन असं, की डांबर चिकटावं. मी पाण्याची बाटली पुढे केली, तिनं हातानंच बाजूला सारली. मग हळूच म्हणाली, "इथं लागली तं कुठं जाऊ रे बेटा? म्हणून कालपासूनच पाणी कमी केलं."

तेव्हा मी उठलो आणि शोधायला लागलो. शौचालय होतं बरं का! दारावर व्हीलचेअरचं चित्र, चित्राखाली कुलूप. शिपाईभाऊ म्हणाले, "किल्ली बाबूसाहेबाकडं हाये जी, अन् ते जेवाले गेले." अर्ध्या तासानं दार उघडलं. आत झाडू, फिनाइलचे कॅन, मोडक्या खुर्च्या आणि फायलींचे गठ्ठे. ते सगळं बाहेर काढलं असतं, तरी उपयोग नव्हता. दार जेमतेम दोन फुटांचं, आणि मावशीची खुर्ची त्याहून रुंद.

ती तशीच बसली. संध्याकाळी घरी पोचली, तेव्हा सगळं उरकून दोन तांबे पाणी प्याली.

कार्यालय कुठलं ते मी सांगणार नाही. हे एकाच ठिकाणी घडत असतं, तर हा भाग करायची गरजच नव्हती. पण त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात बसली. आपण नेहमी विचारतो, "तिथे शौचालय आहे का?" हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायचं ते असं: घरून निघालेला माणूस कुणाच्या मेहेरबानीशिवाय तिथपर्यंत पोचून, वापरून, परत येऊ शकतो का?

पाणी न पिण्याची किंमत

मावशीनं जे केलं, ते तिनं एकटीनं शोधलेलं नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्या कुणालाही विश्वासात घेऊन विचारा, बाहेर जायच्या दिवशी पाणी तोडण्याची ही युक्ती बहुतेकांना माहीत असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. धडधाकट माणसालासुद्धा डॉक्टर सांगतात, तहान नसली तरी पाणी प्या. त्याच उन्हात ही माणसं ठरवून तहानलेली राहतात.

पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांचं तर आणखी अवघड. त्यांच्यापैकी अनेकांना लघवीची जाणीवच होत नाही. ठरावीक वेळानं नळी घालून मूत्राशय रिकामं करावं लागतं. त्याला स्वच्छ जागा, पाणी आणि आडोसा लागतो. वेळ चुकली की संसर्ग, आणि तसं वारंवार झालं तर थेट मूत्रपिंडावर परिणाम. म्हणजे आपण ज्याला "सोय" म्हणतो, ती त्यांच्यासाठी औषधाच्या गोळीइतकी वेळेवर लागणारी गोष्ट आहे.

आणि हा प्रश्न फक्त व्हीलचेअरचा नाही. अंध व्यक्तीला पुरुषांचं दार कुठलं, स्त्रियांचं कुठलं हे हाताला कळायला हवं. कर्णबधिर माणूस आत असेल आणि बाहेरून कुणी दार वाजवलं, तर त्याला कळणार कसं? गुडघे गेलेल्या आजीला भारतीय पद्धतीच्या भांड्यावर बसता येतं, उठता येत नाही. कमी उंचीच्या व्यक्तीचा हात कडीला पोचत नाही. आणि ज्याला मदतनीस लागतो त्याचं काय? नवरा बायकोला घेऊन आलाय, लेक वडिलांना घेऊन आलीय. दोघांनी मिळून कुठल्या दारानं आत जायचं? म्हणून दिव्यांगांसाठीचं किमान एक शौचालय स्त्री-पुरुष दोघांना चालणारं, स्वतंत्र दाराचं असावं लागतं.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. तेव्हा कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार होते ७. आता ते २१ आहेत. त्यामुळे हा आकडा आज मोजला तर कमी भरेल असं समजायचं कारण नाही.

साखळी कुठे तुटते?

आता मुद्द्यावर येऊ. मावशीच्या प्रसंगानंतर मी केंद्र सरकारच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचना वाचल्या. २०१६ मध्ये आल्या होत्या, २०२१ मध्ये सुधारून आल्या. वाचल्यावर कळलं, की हे शौचालय म्हणजे एक खोली नाही, ती साखळी आहे. एक कडी तुटली की बाकीच्या असून नसल्यासारख्या. कड्या एकेक करून सांगतो.

पहिली कडी, रॅम्प. नियम असा की उतार १:१२ पेक्षा उभा नको. म्हणजे १ फूट उंची चढायला किमान १२ फूट लांबी. आपल्याकडे पावसाळ्याच्या धाकानं जोतं उंच बांधतात. दोन फुटांचं जोतं धरलं, तर रॅम्प झाला २४ फुटांचा, वर वळायला आणि थांबायला सपाट जागा वेगळी. चढ जास्त असेल तर उतार याहून सौम्य हवा. आता तुमच्या ओळखीचा कुठलाही रॅम्प आठवा. पाच-सहा फुटांत संपतो ना? तो मोटारसायकल चढवायचा उतार आहे. त्यावरून व्हीलचेअर ढकलणारा दमतो, आणि उतरताना बसलेला माणूस तोंडावर पडतो.

दुसरी कडी, दार. मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर. "मोकळी" म्हणजे चौकटीची नाही, दार उघडल्यावर प्रत्यक्ष उरते ती. उंबरठा नको. आणि दार बाहेरच्या बाजूला उघडणारं किंवा सरकतं हवं. का, ते लक्षात घ्या. आत माणूस पडला आणि दार आत उघडणारं असेल, तर पडलेल्या माणसाच्या अंगानंच ते अडतं. मदतीला आलेल्यांना आत शिरता येत नाही. कडीसुद्धा अशी हवी, जी अडचणीच्या वेळी बाहेरून उघडता येईल.

तिसरी कडी, आतली जागा. साधारण २ मीटर बाय २.२ मीटर. एवढी का? कारण व्हीलचेअरला पूर्ण गोल वळायला दीड मीटर व्यासाची जागा लागते. ती नसेल तर माणूस सरळ आत जाईल आणि तसाच उलटा मागे येईल, दार न लावता.

चौथी कडी, कमोड. बैठकीची उंची ४५ ते ४८ सेंटिमीटर, म्हणजे साधारण व्हीलचेअरच्या बैठकीइतकी. कारण माणूस खुर्चीवरून कमोडवर सरकतो, उडी मारत नाही. त्यासाठी कमोडच्या एका बाजूला खुर्ची लावण्याइतकी मोकळी जागा हवी. एका बाजूला भिंतीतला दांडा, मोकळ्या बाजूला वर-खाली होणारा दांडा. माझ्या मावशीची उजवी बाजू गेलीय, ती डाव्या हातानं धरते. दुसऱ्या कुणाचं उलट असेल. म्हणून आधार दोन्हीकडे.

या दांड्यांबद्दल एक वाक्य ठळक करून ठेवा. टॉवेल अडकवायचा रॉड म्हणजे आधाराचा दांडा नव्हे. दिसतात सारखेच. पण आधाराच्या दांड्यावर अख्ख्या माणसाचा भार येतो. टाइल्सवर दोन बारके स्क्रू मारून बसवलेला रॉड पहिल्याच झटक्यात हातात येतो, आणि त्या भरवशावर उठणारा माणूस फरशीवर. दांडा नसता तर तो निदान सावध राहिला असता.

पाचवी कडी, पाणी. ही खास आपली. बसल्या जागी हात पोचेल असा जेट किंवा नळ पाहिजे. बादली समोरच्या कोपऱ्यात आणि मग बादलीत, असं असेल तर उठून आणणार कोण? बेसिनखाली कपाट नको, गुडघे आत जायला हवेत. नळ गोल पिळायचा नको, दांडीचा हवा. मूठ न वळणाऱ्यालाही तो कोपरानं ढकलता येतो. फरशी न घसरणारी आणि कोरडी. आणि मदतीच्या घंटीची दोरी जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत खाली आलेली, कारण जो पडलाय तो जमिनीवर आहे. घंटीसोबत बाहेर दिवा लागला, तर ऐकू न येणाऱ्यालाही कळतं की आत कुणीतरी अडकलंय.

सहावी कडी, किल्ली. ही कुठल्या आराखड्यात काढलेली नसते. पण वरच्या पाचही कड्या नीट असल्या आणि दाराला कुलूप असलं, तर शौचालय नाहीच.

"वापरतंच कोण?"

कुलूप का लावता असं विचारलं की दोन उत्तरं येतात. एक, "उघडं ठेवलं तर सगळे घाण करतात." दोन, "दिव्यांग येतंच कोण इथं?"

पहिल्या उत्तरात थोडं तथ्य आहे, ते मान्य करूया. उघडं ठेवायचं तर रोज साफ करणारा माणूस लागतो आणि त्याचा पगार लागतो. पण मग बाकीची शौचालयंही घाण होतातच की. त्यांना आपण कुलूप लावत नाही. ज्याला दुसरा पर्यायच नाही, नेमकं त्याचंच दार बंद करतो. आणि गरोदर बाई, लहान लेकरू कडेवर असलेली आई, काठी टेकत आलेले आजोबा यांनी ते वापरलं तर बिघडत काहीच नाही. उलट वापरात राहिलेली खोली सामान ठेवायच्या कामाला लागत नाही.

दुसऱ्या उत्तराचं मात्र मला वाईट वाटतं. ते येत नाहीत, कारण त्यांना माहीत आहे की तिथे जाता येणार नाही. आणि आपण म्हणतो, ते येतच नाहीत, मग बांधायचं कशाला? एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, चांगली गोष्ट आहे. पण प्रवासाच्या शेवटी जाण्याजोगं शौचालय नसेल, तर ती सवलत घ्यायला निघणार कोण?

कायदा काय म्हणतो?

कायदा सोप्या भाषेत सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. यातली तीन-चार कलमं लक्षात ठेवा.

कलम ४४: सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर इमारतीला बांधकाम परवानगी नाही, आणि बांधून झाल्यावर पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कलम ४५: आधीपासून उभ्या असलेल्या सार्वजनिक इमारती, नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या. नियम आले जून २०१७ मध्ये. म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. कलम २३: प्रत्येक सरकारी आस्थापनेनं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा. आणि कलम ८९: कायदा मोडला तर पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड, पुढच्या वेळी ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत.

मग अडलं कुठे? इथे राजीव रतुरी यांचं नाव घ्यायला हवं. हे स्वतः दृष्टिबाधित. सार्वजनिक ठिकाणं आणि रस्ते सुगम्य व्हावेत म्हणून २००५ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयानं सरकारांना ठरावीक मुदतीत कामं करायला सांगितलं. कामं रेंगाळत राहिली. मग ८ नोव्हेंबर २०२४ चा निकाल आला, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाचा. त्यात न्यायालयानं नेमकं दुखणं सांगितलं. कायदा म्हणतो "करावंच लागेल", पण नियम १५ मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना जोडल्या आहेत, त्यांची भाषा "करावं, केलं तर बरं" अशी आहे. हे कायद्याशी विसंगत आहे, म्हणून नियम १५ चं पहिलं पोटकलम न्यायालयानं बेकायदा ठरवलं, आणि न टाळता येणारे किमान नियम तीन महिन्यांत बनवा, असा आदेश केंद्राला दिला.

आपल्यासारख्यांना यातून घ्यायचं ते एवढंच: ही मेहेरबानी नाही, हक्क आहे, आणि तो मागताना आवाज खाली करायचं कारण नाही.

मग आपण काय करायचं?

एक, मोजपट्टी घ्या. खरंच सांगतो, शिंप्याची टेपसुद्धा चालते. रॅम्पची उंची आणि लांबी, दाराची मोकळी रुंदी, कमोडची उंची. दहा मिनिटांचं काम. "शौचालय बरोबर नाही" असं म्हटलं की कुणी ऐकत नाही. "दार ६१ सेंटिमीटर आहे, ९० पाहिजे" असं लिहून दिलं की फाइल बनते.

दोन, लेखी द्या. कार्यालयप्रमुखांना, आणि कलम २३ खालच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. पोच घ्या. दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. केंद्र सरकारचं सुगम्य भारत ॲप आहे, त्यावर फोटोसकट तक्रार टाकता येते.

तीन, बांधकाम सुरू असतानाच जा. नवीन इमारत उभी राहताना दार ९० सेंटिमीटरचं करायला फारसा खर्च वाढत नाही. नंतर भिंत फोडायला लागतो.

चार, ग्रामसभा. ग्रामपंचायत असो, नगरपरिषद असो की जिल्हा परिषद, स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असा शासनाचा आदेश आहे. त्यात सार्वजनिक जागी रॅम्प, रेलिंग, शौचालय अशी अडथळे दूर करणारी कामंही बसतात. गावाची शाळा घ्या. तीच बहुतेक ठिकाणी मतदान केंद्र असते, तिथेच शिबिरं भरतात. तिथलं एक शौचालय नीट झालं, तर अख्ख्या गावाचं काम झालं.

आणि पाचवं, जे मला सगळ्यात जवळचं आहे. आपल्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी झाली की मंडई सुरू होतात. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री झाडीपट्टीचं नाटक. मंडप ठोकला जातो, अन् नाटक उजाडेपर्यंत चालतं. हजारो माणसं. जागा मोकळी, सोय तात्पुरती. बाकीचे लोक काहीतरी मार्ग काढतात. बायकांना तो काढतानाही अंधारात लांब जावं लागतं. व्हीलचेअरवरच्या माणसाला मार्गच नाही.

पण तात्पुरत्या जागेला तात्पुरतं उत्तर असू शकतं. मंडपापासून जवळ, सपाट आणि टणक जमिनीवर एक ताडपत्रीचा आडोसा. दोन मीटर बाय दोन मीटरहून थोडा मोठा. आत मजबूत कमोड खुर्ची, खाली झाकणाची बादली किंवा शोषखड्डा. बसल्या जागी हाताला येईल असा तोटीचा पाण्याचा पिंप. एक बल्ब, आतून लावता येईल असा पडदा किंवा दार, आणि साफसफाईला नेमलेला एक माणूस. मंडपाच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेनंतर थोड्याच आठवड्यांनी मंडई लागते. विषय तिथे मांडायला वेळ अगदी बरोबर आहे.

माझ्या मावशीला नाटकाचं भारी वेड. लग्नाआधीपासून एक मंडई चुकवली नाही म्हणे. लकवा झाल्यापासून मात्र एकही नाटक तिनं मंडपात बसून पाहिलेलं नाही. मी विचारलं, "मावशी, थंडी सोसत नाही का आता?" तर म्हणाली, "थंडीचं काय, दोन शाली घेईन. पण रातभर बसाले जमलं पाहिजे ना." भोंग्यावरून जेवढं ऐकू येतं, तेवढं ती खाटेवरून ऐकते.

यंदा आम्ही पाच-सहा जण मिळून गावच्या मंडई समितीला अर्ज देतोय. सोबत वर सांगितलेल्या आडोशाचं मापासकट चित्र जोडलंय. झालं तर पुढच्या भागात सांगीन. नाही झालं तरी सांगीन.

तोवर तुमच्याकडे एक काम. या आठवड्यात तुम्ही ज्या कुठल्या सार्वजनिक इमारतीत जाल, तिथलं ते चित्राचं दार फक्त ढकलून बघा. उघडतं का, ते आम्हाला कळवा.

भेटू पुढच्या भागात. आणि उन्हाचं पाणी पीत राहा.